चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी टीव्हीची पाटी : फुकटची कोणती आणि मुक्त कोणती?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका. लिहून घ्यायचं थोडंच आहे, आणि ते मी दोनदा सांगेन.

दिवाळी संपली की आपला प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मुंबईचं महालक्ष्मी सरस असेल, पुण्याची भीमथडी जत्रा असेल, नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावचं पाच दिवसांचं प्रदर्शन असेल. गेल्या दोन-तीन वर्षांत या ठिकाणी एक नवीन गोष्ट दिसायला लागली आहे. स्टॉलवर टीव्ही लावलेला असतो आणि त्यावर भाव, फोटो, पापड लाटतानाचा व्हिडिओ असं काहीबाही फिरत असतं. ते बघून आल्यावर आपल्या प्रभागसंघाच्या बैठकीत प्रश्न निघालाच. "ताई, आपणबी असा टीव्ही लावायचा का? आणि त्याला ते सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? दुकानदार म्हणतोय महिन्याचे पैसे भरावे लागतात." त्या प्रश्नाचं उत्तर आज सांगते.

या प्रकाराला डिजिटल साइनेज म्हणतात. आपण सरळ टीव्हीची पाटी म्हणू. रेल्वे स्टेशनवर गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, हे ज्या पडद्यावर दिसतं ती हीच पाटी. बँकेत टोकन नंबर दिसतो तीही हीच. स्टेशनची पाटी वर्षानुवर्षं चालायची असते, आपली चार-पाच दिवस. मोठ्या दुकानाला जे सोयीचं पडतं ते आपल्याला पडेलच असं नाही.

पहिली गोष्ट मी जरा कडक बोलून सांगते. एकच स्टॉल, चार वस्तू आणि भाव ठरलेले असतील, तर टीव्ही लावू नका. शाळेतला काळा फळा आणा, खडूने मोठ्या अक्षरात लिहा. भाव बदलला की पुसा आणि पुन्हा लिहा. वीज लागत नाही, वायर लागत नाही, पावसाचा शिंतोडा आला तरी हजारांचं नुकसान नाही. गटाचं नाव, गावाचं नाव, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, या न बदलणाऱ्या गोष्टी. त्या कापडी बॅनरवर एकदा रंगवल्या की पाच वर्षं पुरतात.

मग टीव्ही कधी लावावा? आठ-दहा गटांचा सामायिक स्टॉल असेल आणि कुणाची कोणती वस्तू कुठे आहे हे सतत सांगावं लागत असेल, तेव्हा. अकरा वाजता गोधडीचं प्रात्यक्षिक, चार वाजता ज्वारीच्या पिठाचे पदार्थ, असं वेळापत्रक असेल आणि ते दिवसागणिक बदलत असेल, तेव्हा. आणि वस्तू कशी तयार होते हे दाखवलं की ती विकली जाते, तेव्हाही. आपली कडक भाकरी बघा. शहरातल्या माणसाला ते पाकीट म्हणजे नुसता पापडासारखा एक प्रकार वाटतो. पण मालदांडी ज्वारीचं पीठ, हातावर थापलेली पातळ भाकरी, चुलीच्या आचेवर कडक होताना, हे दीड मिनिटाचं चित्र चालू असलं की माणूस थांबतो. आवाज नसला तरी थांबतो. तो थांबला की पुढचं आपल्या तोंडात आहेच.

शिवाय पडद्यावरचं चित्र बघायला अक्षर यावं लागत नाही. आपल्याच गटांत कितीतरी मावश्यांना वाचता येत नाही, हे विसरून कसं चालेल? पण आपलं वेळापत्रक चित्रांत असलं, म्हणजे गोधडीचं चित्र आणि घड्याळाचं चित्र, तर त्यांनाही कळतं की आता आपली पाळी.

आता गेल्या हंगामात काय झालं ते सांगते. आपल्या सामायिक स्टॉलला एका दुकानदाराकडून टीव्ही भाड्याने आला होता, सॉफ्टवेअरसकट. पहिले दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी, तो नेमका रविवार, गर्दीचा दिवस, शेंगाचटणीच्या भावावर आडवी इंग्रजी पट्टी आली. चाचणीची मुदत संपली, पैसे भरा, असं त्यावर होतं. पट्टी काढता येईना. मजकूर दुकानदाराच्या खात्यात, पासवर्ड त्याच्याकडे, आणि रविवारी तो फोन उचलेना. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "अगं, आपण उधारी बुडवली असं वाटतंय लोकांना." शेवटी टीव्ही बंद करून त्यावर टॉवेल टाकला. भाडं पाच दिवसांचं गेलं, चालला दोन दिवस.

काकूंचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. पैसे गेले ते गेले, पण आपल्या नावाच्या पाटीवर काय दिसावं हे ठरवणारा माणूस आपल्या स्टॉलवर नव्हता. चार दिवसांसाठी सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे मुख्यतः एवढंच बघायचं, की किल्ली कुणाच्या हातात राहणार.

इथे फुकट आणि मुक्त यांतला फरक कळणं गरजेचं आहे. फुकट म्हणून जे मिळतं त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. काही चौदा दिवस नाहीतर महिनाभर फुकट असतं, मग कुलूप. काही एका टीव्हीपुरतं फुकट असतं, पण त्याला त्यांचं खातं उघडावं लागतं, इंटरनेट सतत लागतं, आणि कोपऱ्यात त्यांची जाहिरात दिसते. आणि एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, "ताई, टाकून देतो, काय पैसे लागत नाहीत." ते बहुतेक वेळा चोरीचं असतं, कुलूप तोडलेलं. त्यातून व्हायरस येतो, आणि त्याच लॅपटॉपवर आपल्या गटांची कर्जाची नोंद असते. तेव्हा ते नकोच.

मुक्त सॉफ्टवेअर वेगळं. याला मुक्त स्रोत, इंग्रजीत ओपन सोर्स म्हणतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाने ग्नू नावाचं काम सुरू केलं. त्यामागे म्हणणं असं, की सॉफ्टवेअर कशासाठीही वापरायची, ते कसं बनलंय ते बघायची, त्यात बदल करायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक वापरणाऱ्याला असली पाहिजे. त्या वाटेने पुढे हजारो लोकांनी सॉफ्टवेअर लिहून खुलं केलं.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. संकरित बियाणं दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. मालदांडीचं बी मात्र आपण चांगली कणसं निवडून घरात ठेवतो, पुढच्या वर्षी पेरतो, आणि मागितलं तर नणंदेलाही पायलीभर देतो. मुक्त सॉफ्टवेअर हे घरच्या बियाण्यासारखं आहे. एका गटाने पेनड्राइव्हवर घेतलं की ते दहा गटांना द्यायला पूर्ण परवानगी असते. मुदत संपत नाही, पट्टी येत नाही. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं असंच सॉफ्टवेअर मुलं शिकतात, म्हणजे हे काही हौशी लोकांपुरतं राहिलेलं नाही.

मुक्त आहे म्हणून ते आपोआप सोपं असतं असं मात्र नाही. घरचं बी निवडायला, राखेत ठेवायला मेहनत लागते, तशी इथे शिकायला लागते. कोणी म्हणेल पैसे नाहीत आणि कष्टही नाहीत, तर विश्वास ठेवू नका.

आता निवड. सगळ्यात सोप्या वाटेपासून सांगते, आणि माझं म्हणणं असं की पहिल्या दोन वाटांवरच आपल्या दहातल्या नऊ गटांचं काम भागतं.

पहिल्या वाटेला सॉफ्टवेअरच लागत नाही. आजकालच्या बहुतेक टीव्हीला मागे किंवा बाजूला पेनड्राइव्ह लावायची खाच असते. फोटो आणि व्हिडिओ भरून पेनड्राइव्ह लावला की टीव्ही ते एकामागून एक दाखवतो. दोन गोष्टी आधी तपासा. एक, शेवटच्या फोटोनंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो का. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रिपीट असं काहीतरी असतं, ते चालू करा. दोन, क्रम. बरेच टीव्ही नावाच्या क्रमाने फोटो दाखवतात, म्हणून फोटोंना ०१, ०२, ०३ अशी नावं द्या. शून्य लावायला विसरू नका, नाहीतर एकनंतर थेट दहा येतो. आणि हे आकडे इंग्रजी द्या, टीव्हीला ते नीट कळतात.

या वाटेची अडचण एवढीच की भाव बदलला तर तो फोटो पुन्हा करून पेनड्राइव्हमध्ये टाकावा लागतो. पाच दिवसांत एकदा-दोनदा बदल असेल तर हे पुरे. आणि फोटो व व्हिडिओ मिसळून दाखवायला काही टीव्ही कुरकुर करतात. मग दुसरी वाट.

दुसरी वाट म्हणजे प्रभागसंघाचा लॅपटॉप आणि लिबरऑफिस. लिहून घ्या, लिबरऑफिस. २०१० पासून हे मुक्त सॉफ्टवेअर या नावाने चालू आहे, मराठीतही मिळतं. त्यात पत्र लिहायचं, हिशेबाचं आणि स्लाइडचं अशी वेगवेगळी सोय आहे. स्लाइडच्या भागाला इम्प्रेस म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांनी प्रशिक्षणात स्लाइड बघितल्या आहेत त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल.

एक स्लाइड म्हणजे एक पाटी. दहा-बारा पाट्या करा. मग स्लाइड ट्रान्झिशन म्हणून जागा आहे, तिथे माउसच्या क्लिकऐवजी इतक्या सेकंदांनी पुढे जा असं निवडा आणि ते सगळ्या स्लाइडना लावा. त्यानंतर स्लाइड शो सेटिंग्जमध्ये जा आणि लूप अँड रिपीट हे निवडा, म्हणजे शेवटची पाटी झाली की पुन्हा पहिली. झालं. लॅपटॉपपासून टीव्हीला एचडीएमआयची वायर जोडली की पाटी सुरू. इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही. भाव बदलला तर स्लाइड शो थांबवा, आकडा खोडा, नवा घाला, पुन्हा सुरू करा. एक मिनिटाचं काम आहे. आपल्या गटातली दहावी झालेली एक सून दोन दुपारांत हे शिकली. तिला कुणी हात धरून शिकवलं नव्हतं, मी शेजारी बसून मटार सोलत होते.

नुसता व्हिडिओच फिरवायचा असेल तर व्हीएलसी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या कामातून ते निघालं आणि २००१ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. मोबाइलवरून आलेला कसलाही व्हिडिओ ते सहसा चालवतं. त्यात लूपचं बटण दाबलं की एकच व्हिडिओ दिवसभर फिरत राहतो.

लॅपटॉप वापरताना त्याची झोप बंद करा. म्हणजे काय, तर थोडा वेळ कुणी हात लावला नाही की लॅपटॉपचा पडदा काळा होतो. ते पॉवरच्या सेटिंगमधून बंद करायचं. इंटरनेटही बंद ठेवा, नाहीतर भर गर्दीत तो अपडेट घेऊन स्वतःला पुन्हा सुरू करतो. टीव्हीचंही तसंच आहे. रिमोटला हात लागला नाही तर काही तासांनी काही टीव्ही आपोआप बंद होतात. त्या सेटिंगला बऱ्याचदा स्लीप किंवा ऑटो पॉवर ऑफ म्हणतात.

तिसरी वाट जरा पुढची. स्टॉलवर लॅपटॉप ठेवायची भीती वाटते, चोरीची, पाण्याची, लहान पोरांची. त्याऐवजी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक मिळतो. एटीएम कार्डाएवढा. ब्रिटनमध्ये २०१२ साली शाळेतल्या मुलांना शिकता यावं म्हणून तो आला. टीव्हीच्या मागे दोन चिकटपट्ट्यांनी बसतो. त्यावर अँथियास नावाचं मुक्त सॉफ्टवेअर टाकायचं. पूर्वी त्याला स्क्रीनली ओएसई म्हणायचे, जुन्या माणसांकडून तेच नाव ऐकाल. हे खास टीव्हीच्या पाटीसाठीच केलेलं आहे. ते मेमरी कार्डात भरावं लागतं, आणि ते काम पहिल्यांदा कुणा जाणत्या मुला-मुलीकडून करून घ्यावं. एकदा भरलं की मग सोपं. टीव्हीच्या मागचा तो डबा आणि आपला मोबाइल एकाच वायफायवर असले, की मोबाइलच्या ब्राउझरमधून पाटी बदलता येते. फोटो, व्हिडिओ घालायचा, तो किती सेकंद दिसावा आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते सांगायचं. म्हणजे रविवारच्या प्रात्यक्षिकाची पाटी सोमवारी आपोआप निघून जाते.

वायफाय म्हणजे बाहेरचं इंटरनेट असं नाही. साधा राउटर असला तरी चालतो. पण ते वायफाय प्रदर्शनातल्या सगळ्यांचं असेल तर सावध राहा. अँथियासला सेटिंगमध्ये पासवर्ड लावायचा, आपण स्वतः. नाहीतर शेजारच्या स्टॉलवरचा एखादा टवाळ पोरगा आपल्या पाटीवर स्वतःचा फोटो चढवेल. हा डबा एकदम वीज गेली की कधीकधी रुसतो, कार्ड खराब होतं. म्हणून भरलेलं दुसरं कार्ड डबीत घालून बरोबर न्यायचं, आपण जादा सुई-दोरा नेतो तसं.

यापुढचं झिबो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. एकाच जागेवरून वीस टीव्ही, प्रत्येकावर वेगळं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असं सगळं त्यात होतं. पण त्याला सर्व्हर बसवावा लागतो, जाणकार माणूस लागतो, आणि त्याचा अँड्रॉइड टीव्हीवर चालणारा भाग पैसे देऊन घ्यावा लागतो. जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. आपल्या स्टॉलला ते म्हणजे चिमूटभर मिठाला पोतं.

दुकानदार किंवा भाच्याचा मित्र काही तिसरंच सुचवेल. सुचवू दे. त्याच्यासमोर एकच परीक्षा घ्या. म्हणा, "दादा, हे चालू करा, आता मोबाइलचं इंटरनेट बंद करा, आणि टीव्ही बंद करून पुन्हा चालू करा." पाटी परत आली तर पुढे बोलू. मग विचारा, खातं कुणाच्या नावाने, आणि प्रदर्शन संपल्यावर आपल्या हातात काय राहणार. आपले फोटो, आपले व्हिडिओ, आपल्या स्लाइड पेनड्राइव्हवर परत मिळणार नसतील तर नको म्हणा. भाड्याने टीव्ही जरूर घ्या, मी स्वतः भाड्यानेच घ्या म्हणेन, पाच दिवसांसाठी विकत घेऊ नका. पण नुसता टीव्ही घ्या, पाटी आपली आपण चालवू.

आता मराठी अक्षरांचं. यात फार लोक अडतात. आपल्याकडे अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीने टाइप केलेला मजकूर सापडतो. टायपिंगवाल्याकडे तो छान दिसतो, आपल्या लॅपटॉपवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. म्हणून टायपिंगवाल्याला एकच शब्द सांगायचा, युनिकोडमध्ये दे. किंवा मोबाइलवर आपण जसं मराठी लिहितो तसं आपणच लिहायचं, ते युनिकोडच असतं. अक्षराचं वळण म्हणजे फॉण्ट, तोही मुक्त मिळतो. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू हे फॉण्ट कुणालाही वापरायला खुले आहेत. मुक्ता सरळ, स्वच्छ, भावाच्या पाटीला चांगला. बालू जाडजूड, गोलसर, गटाच्या नावाला शोभतो. बारीक नाजूक वळणाचे फॉण्ट लग्नपत्रिकेला ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल आणि तिथे आपला फॉण्ट नसेल, तर अक्षरं हलतात. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवायची. ती चित्रं पेनड्राइव्हमध्ये असली की लॅपटॉप बिघडला तरी पहिली वाट आहेच.

अक्षर किती मोठं? पाट्या रंगवणारे एक हिशेब सांगतात, दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर एक इंच उंच. वीस फुटांवरून दोन इंच. ३२ इंची टीव्हीचा पडदा उंचीला साधारण पावणेसोळा इंच असतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, त्यांना जागा सोडावी लागते. म्हणजे एका पाटीवर चार ओळी, फार तर पाच. त्याहून जास्त मजकूर असेल तर दोन पाट्या करा. आणि पाटी किती वेळ दिसावी? ती स्वतः मोठ्याने सावकाश दोनदा वाचा, तेवढे सेकंद. गटातल्या ज्या मावशी अडखळत वाचतात त्यांच्याकडून वाचून घेतलंत तर आणखी बरं.

पाटी आडवी असते हे लक्षात ठेवून व्हिडिओ काढताना मोबाइल आडवा धरा. उभा धरलात तर टीव्हीवर मधोमध पट्टी आणि दोन्हीकडे काळं.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड फिरत्या पाटीवर टाकू नका. गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून मोबाइल काढेपर्यंत पाटी पुढे जाते. तो छापून, प्लास्टिकमध्ये घालून, गल्ल्यापाशी आपल्या नजरेसमोर ठेवा, आणि रोज सकाळी एक रुपया पाठवून पैसे गटाच्याच खात्यात जातात ना ते बघा. वरून दुसरा कोड चिकटवून जाणारे लोक असतात.

आणखी एक, फोटोंबद्दल. टीव्हीवर आपल्या बायकांचे फोटो येणार, हजारो माणसं बघणार, कुणी त्याचेही फोटो काढणार. प्रत्येकीला आधी विचारा. "आपल्याच गटातली आहे, तिला काय विचारायचं," असं करू नका. एखादीच्या घरी चालत नसेल, एखादीला स्वतःलाच नको असेल. तिचे हात दाखवा, चेहरा नको. भाकरी थापणारे हात पुष्कळ बोलतात. कर्ज, आजारपण, नवऱ्याचं पिणं, असल्या गोष्टी यशोगाथा म्हणून पाटीवर घालायला कुणी सांगितलं तरी घालू नका.

विजेचं थोडक्यात. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नास वॉट घेतो, तो छोटा डबा पाच-सहा वॉट. दहा तास चालवलं तर अर्ध्या युनिटच्या जरा वर. लॅपटॉप लावला तर दिवसाला एक युनिट धरा. आयोजक विजेचे जादा पैसे मागायला लागले तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. वायर लोकांच्या पायात येणार नाही अशी मांडवाच्या खांबावरून वर घ्या, आणि एकाच बोर्डावर टीव्ही आणि भजी तळायची विजेची शेगडी लावू नका. टीव्हीचं तोंड उन्हाकडे नको. दुपारच्या उन्हात घरचा टीव्ही काहीच दाखवत नाही, मांडवाच्या आत, सावलीत, मागच्या कापडाला लागून ठेवला तरच दिसतो. निघण्याआधी गावात एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं जोडून चालवून बघा, समाजमंदिरात लावा, पोरं बघतील.

आणि पाटी चालवायला दोघी शिकवा, एकच नको. एक जेवायला गेली, बाळाला पाजायला गेली, तर दुसरी असली पाहिजे. दोघींत एक वयाने मोठी असू द्या. "आम्हाला काय येतंय" म्हणणाऱ्या आमच्या अध्यक्ष काकू आता लूप चालू आहे का बंद ते लांबून ओळखतात आणि ओरडतात, "अगं ए, पाटी अडकलीय!"

ज्या गटांना लिबरऑफिस, व्हीएलसी आणि मुक्ता, बालू हे फॉण्ट हवे आहेत, त्यांनी येत्या प्रभागसंघाच्या बैठकीला रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं. भरून देऊ, पैसे नाहीत, आणि पुढे तुम्ही कुणालाही द्या. पेनड्राइव्हवर गटाचं नाव लिहून चिकटवा, मागच्या वेळी सहा सारखे काळे पेनड्राइव्ह जमले होते. लॅपटॉप ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार्जरसकट आणा. बैठक नेहमीच्या वेळी, दुपारी दोनला. येते. नमस्कार.